साडेअकराची गोळी

“ताटं पुसून घ्या रे लेकरांनो! पोटभर खाल्ल्याबिगर कुणी उठायचं न्हाई!”

वीस-बावीस वर्षं उलटली, तरी मुदखेडजवळच्या त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतला हा आवाज राजकन्येच्या कानातून गेला नव्हता. आवाज तिच्या आईचा, पंचफुलाबाईचा. शाळेत खिचडी शिजायला लागली त्या वर्षी ती मोठ्या पातेल्यासमोर उभी राहिली, ती गुडघे थकेपर्यंत. नवरा लवकर गेलेला. त्या पातेल्याच्या जोरावर लेक शिकली, नांदेडला पोस्टात लागली.

आणि मग आई विसरू लागली. आज गॅस चालू राहिला, उद्या रस्ता चुकला. राजकन्येनं तिला वृद्धाश्रमात ठेवलं. तोही लांब, लातूरला. नांदेडात ओळखीचं कुणी बघितलं तर काय म्हणेल! फॉर्मवर ‘विशेष सूचना’ असा रकाना होता. त्यात तिनं भरल्या डोळ्यांनी लिहिलं : ‘आईने जन्मभर कष्ट केले. तिला कोणत्याही कामाला हात लावू देऊ नये. फक्त आराम द्यावा.’

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती एसटीने दोनच्या सुमारास पोचायची. आई स्वच्छ चादरीवर गाढ झोपलेली असायची. राजकन्या पायाशी बसायची अन् मनात म्हणायची, झोपू दे. आत्ता कुठं विसावा मिळाला बिचारीला!

एका रविवारी मात्र शेजाऱ्यांच्या गाडीत जागा मिळाली आणि ती बारा वाजायच्या आधीच पोचली.

आई खाटेवर नव्हती. व्हरांड्यात खुर्चीवर होती. कमरेभोवती जुन्या लुगड्याची दुहेरी पट्टी, गाठ पाठीमागं, हात पोचू नये अशी. मान छातीवर पडलेली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळलेली. डोळे मिटलेले, पण बोटं जागी होती! रिकाम्या पदरातले नसलेले खडे वेचून वेचून ती बाजूला टाकत होती.

“आई! अगं आई!”

पापणी जडपणे उघडली. “सोड की बाई... उशीर होऊन राहिला...” लेकीला तिनं ओळखलं नाही. पापणी पुन्हा मिटली.

राजकन्येच्या आवाजानं व्यवस्थापक आप्पासाहेब धावत आले. माणूस वाईट नव्हता. चाळीस म्हातारी माणसं आणि सांभाळायला दोन बाया, एवढ्यानं मेटाकुटीला आलेला.

“मॅडम, रागवू नका. तुमच्याच फॉर्मवर लिहिलंय, कामाला हात लावू देऊ नका. आणि ह्या तर बरोबर साडेअकराला उठतात, स्वयंपाकघरात घुसतात. एकदा उकळत्या वरणात हात घालत होत्या! पोळल्या असत्या तर तुम्ही मलाच धरलं असतं ना? म्हणून डॉक्टरांकडून झोपेची गोळी लिहून घेतली, आणि ती चढेपर्यंत ही पट्टी. चार दिवसांसाठी.”

“चार दिवसांचे चार महिने झाले, आप्पासाहेब,” बाजूच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. ते माणिकप्पा. निलंग्याच्या एका दवाखान्यात पस्तीस वर्षं कंपाउंडर होते; आता इथंच राहत. “गोळी आजाराला असती. सवयीला गोळी नसती. ह्या अव्वाला, ह्या माउलीला साडेअकराला कोणता आजार होतो, सांगा की!”

“माणिकप्पा, तुम्ही मधे बोलू नका.”

“का? म्या बी रोज सकाळी पेपरसाठी बोंबलतो. मला बी बांधा की! एक खुर्ची अजून रिकामी हाय!”

माणिकप्पा राजकन्येकडे वळले. आवाज मऊ झाला. “पोस्टातल्या बाई, तुम्ही मायेनंच लिहिलं, मला ठावं हाय. पण आराम तिनं मागितला होता का? उभ्या गावाची लेकरं त्या टायमाला तिची वाट बघायची; गुंगीत बी ती तेच बडबडती. तो टाइम तिच्या अंगात हाय. तुम्हाला तिला आरामच द्यायची एवढी घाई कशाची झाली होती?”

उत्तर राजकन्येला ठाऊक होतं. सहावीत असताना शाळेत आलेल्या एका नव्या मुलीनं विचारलं होतं, “ही खिचडीवाली कोण गं?” आणि राजकन्या म्हणाली होती, “आमच्या शेजारची बाई.” आई वाढत वाढत दोन हातांवर आली होती. तिनं ऐकलं की नाही, कधी कळलं नाही. त्या एका वाक्याची भरपाई म्हणून तर हा आराम! तिनं गुडघे टेकून नुसती गाठ सोडली. कमरेवर लाल वळ उमटला होता.

अरेरे! गाठ दुसऱ्याच्या हातची होती, पण वळण तिच्याच अक्षराचं होतं!

त्याच दुपारी तिनं डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, गोळी एकदम तोडायची नाही, हळूहळू उतरवत न्यायची. राजकन्येनं फॉर्म मागवला, जुनी ओळ खोडली आणि लिहिलं : ‘साडेअकराला आईला काम द्यावे. बांधू नये.’ पहिले आठ दिवस जड गेले. आई चिडली, रडली, भिंत धरून हिंडली. आप्पासाहेबांनी मात्र शब्द पाळला. चुलीपासून लांब, जेवणाच्या खोलीच्या दाराशी त्यांनी तिला चटई टाकून दिली आणि सुपात शेरभर तांदूळ. निवडता निवडता एक दिवस तिच्या तोंडून सूर निघाला :

चुलीवर आधण, आधणात दाणा,
भुकेल्या लेकरा, नाव-गाव पुसू ना...

कामाच्या दोन्ही बाया हातातलं काम टाकून ऐकत राहिल्या.

मंडळी, आपल्यातलं कुणी तरी आज अशाच एखाद्या खुर्चीवर मान टाकून बसलेलं असेल, आणि आपण त्याला ‘शांत आहे’ म्हणत असू. झोपलेलं माणूस सुखात आहे असं समजू नका. गोळी कशाची, कुणी लिहिली, किती दिवसांची, हे विचारा. अवेळी जा, न सांगता जा. माया करायची तर त्या माणसाला विचारून करा. म्हाताऱ्या माणसाला विसावा हवाच असतो, पण आपली कुणाला तरी गरज आहे हे त्याहून आधी हवं असतं!

दीड महिन्यानं एके दिवशी राजकन्या न सांगता आली तेव्हा पंगत बसली होती. निवलेल्या भाताचं भगुणं पुढ्यात घेऊन पंचफुलाबाई वाढत होती. एक बाई तिच्या कोपराला आधार देऊन मागं उभी.

“ए कंपाउंडर, भात टाकून उठू नगं!”

“अव्वा, पोट फुटंल माझं!”

“फुटू दे. शिवून देते.”

खोली हसली. आप्पासाहेब म्हणाले, “मॅडम, आता कुणी पानात टाकत नाही बघा. आमची काय हिंमत!” राजकन्येनं त्यांना हात जोडले. माणिकप्पांच्या तर ती पायाच पडली. “तुम्ही बोलला नसता तर मी अजून दोनच्याच एसटीनं येत राहिले असते, काका.” मग ती पंगतीत शेवटी जाऊन बसली.

वाढत वाढत आई समोर आली. थांबली. निरखून बघितलं.

“राजे? कवा आलीस गं? लई वाळलीस की. पोस्टात वारा खाऊन राहिली का काय?”

राजकन्येनं ताट बाजूला सारलं आणि आईचा भातानं माखलेला हात दोन्ही हातांत धरला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, “आई, सहावीत मी एका पोरीला सांगितलं होतं, तू आमच्या शेजारची बाई आहेस म्हणून. मला लाज वाटली होती गं. माफ कर. तू माझी आई आहेस. ह्याच हातची खिचडी खाऊन मी मोठी झाले.”