दुनळीच्या पोटावरचा मुकुट

मित्रांनो, मी एक जुना ठसा आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा मुकुट आणि त्याच्याशेजारी पाच आकडे, एवढाच माझा संसार. विलायतेत एका दुनळी बंदुकीच्या नळ्या तयार झाल्या, तेव्हा त्यांच्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढला गेला. नळ्या फुटल्या नाहीत, म्हणून त्यांच्या पोटावर हातोडीच्या घावांनी माझा जन्म झाला. मी शोभेचा नाही, पास झाल्याचा शिक्का आहे. तुमच्या प्रगतिपुस्तकावर असतो ना, तसा.

नळ्यांच्या पाठीवर माझा थोरला भाऊ होता. कारखान्याचं नाव, भोवती वेलबुट्टी आणि तेच पाच आकडे. बघणारे त्याचंच कौतुक करायचे. मी लाकडाखाली, अंधारात आणि तेलात. मला दिसायचं काही नाही, ऐकू मात्र सगळं यायचं.

फिरत फिरत आम्ही आंध्रातल्या आदिलाबादकडे, गुडीहत्नूरजवळच्या एका खेड्यात चंपतरावांच्या घरी आलो. रानडुकरांपासून ज्वारी राखायला त्यांना लायसन मिळालं होतं. बार नेहमी हवेत निघायचा. डुकरं पळायची आणि आठवड्यानं परत यायची. दोन्हीकडच्यांना त्याची सवय झाली होती. चंपतराव गेले, लायसन मुलाच्या, नागोरावांच्या नावावर आलं आणि बंदूक सून मथुराबाईंच्या हाती लागली.

हाती लागली म्हणजे काय, ते सांगतो. मथुराबाईंच्या घरच्या पितळी भांड्यांत बघून शेजारणी कुंकू लावायच्या. खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, पहार, बंदूक सगळं पूजेला लागे. आदल्या दिवशी त्या चिंच आणि राख घेऊन बसत. मामंजींची वस्तू, म्हणून बंदुकीला जरा जास्तच घासत. अशी अठरा वर्षं गेली. आधी वेलबुट्टी गेली, मग नाव गेलं, मग एकेक आकडा. वरून येणारा खसाखसा आवाज मी ऐकायचो. खरं सांगू? मला भावाचा हेवा वाटायचा. माझी कुणी एवढी काळजी करत नाही, असं वाटायचं.

१९८८ च्या डिसेंबरात लायसन नवं करायला नागोराव बंदूक घोंगडीत गुंडाळून आदिलाबादच्या कचेरीत गेले. आजवर नुसता कागद बघून काम व्हायचं; या नव्या साहेबांनी नळीवरून बोट फिरवलं.

"नंबर कहाँ गया?"

नागोराव हसले. साहेब हसले नाहीत. चोरीच्या बंदुकीवरचाच नंबर घासून काढतात, असं ते म्हणाले. उद्या अकरापर्यंत नीट खुलासा झाला नाही, तर बंदूक जप्त आणि नागोरावांवर केस. मला कचेरीच्या कपाटात सोडून नागोराव मोकळ्या हातानं घरी गेले.

घरी काय घडलं, ते मला मागाहून कळलं. बंदुकीसमोर माणसं मोकळं बोलतात. ऐकल्यावर मथुराबाईंनी जातं थांबवलं. नवरा केसमध्ये अडकणार, आणि तेही त्यांच्या हातामुळे. त्या रडल्या नाहीत. सकाळी त्यांनी मांडणीवरचा एक पितळी तांब्या काढला, पदराखाली घेतला आणि नवऱ्यामागोमाग बसमध्ये चढल्या.

"साहेब, ते आकडे म्याच पुसले," कचेरीत त्या म्हणाल्या. "चिंचेनं अन् राखेनं."

साहेबांना मराठी कळत नव्हतं. नागोराव घाईघाईनं म्हणाले, "साब, ये जरा घबराई है."

"मी काऊन घाबरू? मी सांगून राह्यले तेच सांगा."

नागोरावांना तेच सांगावं लागलं. साहेबांना पटलं नाही. हातानं घासून कधी लोखंडावरची अक्षरं जातात का? तेव्हा मथुराबाईंनी टेबलावर तांब्या ठेवला.

"हा माह्या माहेरचा. याच्या काठावर माह्या बापाचं नाव होतं. पाहा बरं, हाय का? तेबी म्याच घालवलं. बापाचं नाव कोणी मुद्दाम पुसते काय?"

त्यांचं बोलणं या वेळी नागोरावांनी शब्द न गाळता हिंदीत सांगितलं. साहेबांनी तांब्या हातात घेऊन फिरवला, मग पालथा केला. बुडाच्या खळग्यात ठिपक्याठिपक्यांची अक्षरं तशीच होती: यशवंतराव.

मथुराबाई वाकून बघत राहिल्या. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. मग हळूच म्हणाल्या, "तिथं माहा हात पोचत नाही. बंदुकीतबी तसंच कुठी असंल. पाहा ना."

एका म्हाताऱ्या हवालदारानं नळ्यांखालचं लाकूड सोडवलं आणि इतक्या वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. त्यानं अंगठ्यानं तेलकट मळी पुसली. मुकुट. पाच आकडे. साहेबांनी लायसनच्या जुन्या पानावरचे आकडे एकेक करून माझ्याशी लावून पाहिले. पाचही जुळले.

"अम्मा, अब घिसना बस करो," साहेब म्हणाले, आणि लायसनवर लिहिलं: नंबर नळीच्या खालच्या बाजूस. मित्रांनो, मी पहिल्यांदाच कुठल्यातरी कागदावर आलो.

परतीच्या बसमध्ये बंदूक नागोरावांच्या मांडीवर होती आणि तांब्या मथुराबाईंच्या. त्यांचं बोट सारखं बुडाशी जात होतं.

"आता भांडे घासणं सोडतं का काय?" नागोरावांनी डिवचलं.

मथुराबाईंनी तांब्या सरळ धरला. "आतून घाशीन. बाहेरून नुसतं धुईन."

मित्रांनो, माझा भाऊ दुर्लक्षानं नाही गेला, मायेनं गेला. मी वाचलो, तो कुणाचा हात पोचला नाही म्हणून. याचा अर्थ वस्तू तशीच टाकून द्या असा नाही; तिला तेलाचं बोट लावा, कोरड्या जागी ठेवा. पण घासायला बसण्याआधी तिच्यावरून एकदा बोट फिरवून पाहा. तिथं कुणाचं तरी नाव असेल.