फाईलमधला बोर्ड आणि मी

मित्रांनो, एखाद्या दवाखान्याच्या दारावर तांबडी अक्षरं एका कडेनं उगवतात, सरकत सरकत जातात आणि दुसऱ्या कडेला मावळतात, ती तुम्ही पाहिली असतील. मी तसाच एक बोर्ड. जन्मलो दौंड तालुक्यातल्या एका पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत आणि आता राहतो शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याच्या पुढच्या एका वाडीतल्या आरोग्य उपकेंद्राच्या दारावर. माझं वय काही फार नाही. पण एवढ्या वयात मी इतका गोंधळलो आहे की कुणाला तरी सगळं सांगावंसं वाटतं.

मला वाचता येत नाही. कुठला दिवा लागला आणि कुठला विझला, एवढंच मला कळतं. त्या दिव्यांचं अक्षर झालं आणि अक्षरांचा शब्द झाला, हे समोरचं माणूस मोठ्यानं वाचतं तेव्हाच समजतं. कुणी मनातल्या मनात वाचलं, तर मी त्याच्या तोंडाकडे बघत बसतो.

मला दोघांनी बनवलं. सम्राट याच वाडीतला. तारांना डाग देण्यात, म्हणजे सोल्डरिंगमध्ये, त्याचा हात फार साफ. तारा जोडताना तो जीभ दातांत धरायचा. शाहिस्ता दौंडची. माझ्या आतला प्रोग्रॅम तिचा. वर्गातल्या इतर मुलांच्या बोर्डांवर इंग्रजी अक्षरं पळत होती, कारण ती तयार मिळतात. शाहिस्ता म्हणाली, "आपल्याकडं दारावरचं इंग्रजी वाचणार कोण? मराठी करू."

मराठी अक्षर दिव्यांच्या आठ ओळींत मावेना. वेलांटी वर जाई, उकार खाली लोंबे. मग दिव्यांच्या पट्ट्यांच्या दोन रांगा एकावर एक बसवल्या आणि मी सोळा ओळींचा झालो. शाहिस्ता चौकटींच्या कागदावर पेन्सिलीनं ठिपके भरून एकेक अक्षर काढायची. 'ळ' काही केल्या जमेना. तो इंग्रजी आठासारखा दिसायचा आणि सम्राट हसायचा. किती कागद गेले कोण जाणे, पण एके दुपारी तिनं माझ्यावर 'बाळ' लिहिलं, सम्राटनं ते नीट वाचलं आणि दोघं बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला तेव्हा उगीचच मोठं झाल्यासारखं वाटलं.

मग फाईलची वेळ आली. प्रोजेक्ट कसा बनवला, तो कसा चालवायचा, सगळं लिहून द्यायचं असतं. नेमकं त्याच आठवड्यात शाहिस्ताच्या भावाचं लग्न निघालं.

"मी निम्मी पानं लिहिल्यात," ती म्हणाली. "राहिलेली तू लिही. तारांचे रंगसुद्धा लिही."

"लिहितो की. तू बिनघोर जा," सम्राट म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं दोन दिवस ती पानं चाळली. मग एका मित्राकडून मागच्या वर्षीची फाईल आणली, पहिल्या पानावरची नावं बदलली आणि बांधायला दिली. "फाईल कोण वाचतंय?" तो स्वतःशीच म्हणाला. मला यातलं काहीच कळलं नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या सरांनी इंग्रजीतली ती फाईल शाहिस्ताच्या हातात दिली आणि म्हणाले, "हे मराठीत समजावून सांग." तिनं पान उघडलं आणि ती अडखळली. "हा बोर्ड आठ ओळींचा आहे... यावर इंग्रजी अक्षरं दिसतात... मेसेज बदलायला कीबोर्ड जोडायचा..."

मी चक्रावून गेलो. हे कुणाचं वर्णन चाललं होतं? माझ्या ओळी सोळा होत्या. मला कीबोर्ड जोडायला जागाच नव्हती. माझ्याशी बोलायचं ते मोबाईलमधून. क्षणभर वाटलं, माझा एखादा थोरला भाऊ असेल आणि मला त्याच्या जागेवर बसवलं असेल. की मीच आठ ओळींचा आहे आणि उरलेल्या आठ मला भास होतात?

"कीबोर्ड कुठंय?" सरांनी विचारलं.

"काढला सर. आता मोबाईलवरनं होतं," सम्राट म्हणाला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर सरकणारं आपलंच नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं. ते हसले आणि त्यांनी सही केली. शाहिस्तानं सम्राटकडे एकदाच पाहिलं.

पुढं सम्राटला रांजणगावच्या एका कारखान्यात काम लागलं आणि तो कारेगावात खोली घेऊन राहू लागला. जाण्याआधी त्यानं मला आपल्या वाडीच्या उपकेंद्राला देऊन टाकलं. तिथल्या सीमा सिस्टरनी मला दारावर लावून घेतलं आणि फाईल कपाटात ठेवली. ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो. सिस्टर फोन करायच्या, सम्राट सुट्टीला आला की आपल्या मोबाईलवरून मेसेज बदलून जायचा आणि लोक येता-जाता मला मोठ्यानं वाचायचे. "सोमवारी बाळांचं लसीकरण." "पाणी उकळून प्या."

सगळ्यांत मोठ्यानं वाचायच्या त्या साखरबाई. त्या सम्राटच्या आत्या. मजुरीनं कांदा काटणीला, म्हणजे कांद्याची पात कापायला, जाणाऱ्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. कागदावरचं अक्षर त्यांना धुक्यासारखं दिसायचं. पण माझ्यासमोर उभ्या राहून, मान वाकडी करून, त्या एकेक शब्द जुळवायच्या. शब्द जुळला की मला म्हणायच्या, "दिसला बरं का तू."

एकदा सम्राटनं नवा मेसेज टाकला. 'डोळे तपासणी शिबिर बुधवारी.' साखरबाईंनी तो तीनतीनदा वाचला. नंतर काही दिवसांनी सीमा सिस्टर फोनवर बोलताना ऐकलं, की डॉक्टरांची तारीख बदलली, शिबिर आता सोमवारी. त्यांनी सम्राटला फोन लावला. लागला नाही. कारखान्यात मोबाईल आत नेऊ देत नाहीत, आणि त्या आठवड्यात त्याला जादा पाळी होती. मग सिस्टरनी कपाटातून फाईल काढली आणि स्टुलावर चढून मला सगळीकडून चाचपलं.

"कीबोर्ड जोडा म्हणतेय ही," त्या पुटपुटल्या. "कुठं जोडू?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की तो बोर्ड मी नव्हे. पण माझ्या हाती फक्त दिवे होते आणि ते बुधवार बुधवार म्हणत होते. शेवटी त्यांनी दारावर कागद चिकटवला, आशाताईंना घरोघर पाठवलं. शिबिर सोमवारी झालं. मला बंद करायचं त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. साखरबाई तेव्हा नदीपलीकडं, दौंडच्या बाजूला कांद्यावर गेल्या होत्या.

बुधवारी सकाळी त्या आल्या. धुतलेलं लुगडं, हातात पिशवी. दवाखान्यात कुणीच नव्हतं.

"मावशी, शिबिर परवाच झालं," सिस्टर म्हणाल्या. "दारावर कागद लावला होता की."

"कागूद मला दिसत न्हाई, बाई," साखरबाई म्हणाल्या. "मला ह्यो तांबडाच तेवढा दिसतो. ह्यो बुधवार म्हनतोय."

त्या पायरीवर बसल्या. बऱ्याच वेळानं उठल्या आणि भिंतीला हात लावत लावत गेल्या. सिस्टरनी माझी पिन काढली, मला खाली उतरवलं आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीत घालून कपाटावर ठेवलं.

मित्रांनो, त्या अंधारात मी काय काय विचार केला असेल. मला जे दिलं तेच मी दाखवलं होतं. एकही दिवा चुकला नव्हता. मग त्या बाईंचं नुकसान कुणी केलं? मी केलं म्हणावं, तर मला वाचताही येत नाही. केलं नाही म्हणावं, तर त्यांनी विश्वास माझ्यावरच ठेवला होता. या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही नीट सापडलेलं नाही.

पुढच्या रविवारी सम्राट आला. आधी आत्याच्या घरी जाऊन आला असावा, कारण गोणीतूनही त्याचा आवाज उतरलेला वाटला. सिस्टरनी त्याच्यापुढं फाईल ठेवली.

"ही तुझीच ना? मग ह्यातला कीबोर्ड कुठं जोडायचा ते दाखव मला."

सम्राटनं पानं उलटल्याची सळसळ ऐकू आली. मग म्हणाला, "ती फाईल ह्या बोर्डाची न्हाई, सिस्टर. मी दुसऱ्याची उतरवली होती."

"आन् आत्या काय म्हणाल्या?"

"कायच न्हाई. च्या पाजला. जाताना म्हनल्या, जपून जा, मला आता रस्त्यापतूर यायला जमत न्हाई."

त्यानं शाहिस्ताला फोन केला. ती दौंडला इन्व्हर्टर दुरुस्तीच्या दुकानात काम करत होती. पुढच्या रविवारी ती स्कूटीवरून आली. दोघांनी मला टेबलावर पालथं घातलं आणि उघडलं. गंमत म्हणजे कुठली तार कशासाठी, हे सम्राटलाही आठवेना. ज्यानं मला जोडलं, तोच मला ओळखत नव्हता. तो एकेक तार धरून शोधत गेला आणि शाहिस्ता लिहीत गेली. साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात.

"ह्याला काय येत न्हाई, तेपण लिहू," ती म्हणाली.

"ते कशाला? नाचक्की होईल."

"व्हायची तवा झालीच की."

मग तिनं लिहिलं, की 'ऋ' आणि 'ञ' मला येत नाहीत. ऊन थेट पडलं तर माझी अक्षरं दिसत नाहीत. मेसेज जुना झाला, तरी मला ते आपोआप कळत नाही, म्हणून तारीख बदलली की आधी माझी पिन काढावी. आपले दोष असे मोठ्यानं वाचून दाखवलेले ऐकताना आधी लाज वाटली. मग हळूहळू हलकं वाटत गेलं. हा बोर्ड मीच होतो.

कागद लिहून झाल्यावर शाहिस्तानं तो सिस्टरना दिला. "आता तुम्ही करून बघा. आम्ही बोलणार न्हाई."

सिस्टर एकेक ओळ वाचत गेल्या. ॲप मोबाईलमध्ये घेतलं, ब्लूटूथ चालू केलं. माझं नाव काही मोबाईलमध्ये येईना. सम्राटनं मदतीला हात पुढं केला, तसा शाहिस्तानं तो मागं ओढला. पुन्हा केलं. पुन्हा येईना. मीही घाबरलो.

"लोकेशन! ते बंद असलं की ब्लूटूथला बोर्ड सापडत न्हाई," शाहिस्ता एकदम सम्राटला म्हणाली. "तुझ्या मोबाईलमध्ये ते कायम चालू असतं, म्हणून आपल्याला कधी कळलंच न्हाई. लिही, आधी लोकेशन चालू करा."

ती ओळ लिहिली गेली. थोड्याच वेळात सिस्टरच्या बोटांनी पाठवलेला पहिला शब्द माझ्यावरून सरकला. तो काय होता ते सांगता येणार नाही, कारण कुणी वाचलाच नाही. तिघंही नुसते हसत होते.

पुढचं शिबिर व्हायला उन्हाळा उजाडला. तोवर साखरबाईंचं कामावर जाणं बंद झालं होतं. या वेळीही तारीख बदलली. पण सिस्टरनी त्याच घटकेला माझ्यावरचा मेसेज बदलला आणि सम्राट रजा काढून आत्याला स्वतः घेऊन गेला. आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं ऑपरेशन झालं. डोळे पुरते बरे झाल्यावर काळा चष्मा लावून त्या आल्या आणि माझ्यापुढं थांबल्या. सगळा मेसेज एका दमात वाचला. मग दारावर चिकटवलेले छोटे कागदही वाचून काढले आणि मला काही न बोलताच कामाला निघून गेल्या. मला थोडं वाईट वाटलं. आणि बरंही वाटलं. यातलं नेमकं कुठलं खरं, ते विचारू नका.

गेल्या महिन्यात सीमा सिस्टरची बदली झाली. त्यांच्या जागी भाग्यश्री सिस्टर आल्या. त्या सम्राटला ओळखत नाहीत, शाहिस्ताचं नाव त्यांनी ऐकलेलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी कपाटातला कागद काढला, माझ्यासमोर उभ्या राहून वाचला आणि कुणालाही फोन न करता माझ्यावरचा मेसेज बदलला.

म्हणून मित्रांनो, शाळेत, कॉलेजात तुम्ही काहीही बनवा, पण जे बनवलं तेच लिहा. तारेचा रंग लिहा, राहिलेली चूक लिहा. आम्हाला तुमच्यामागं राहायचं असतं, अनोळखी माणसांच्या हातात. त्यांना आमच्याबद्दल खरं सांगणारं दुसरं कुणीच नसतं.