गुळव्याचं नाक

देवळाली प्रवरेच्या आसपास रंगनाथसारखा गुळव्या नव्हता. गुऱ्हाळात रसाची कढई उकळत असली की तो लांबूनच वास घ्यायचा आणि म्हणायचा, "उतरवा." त्याच्या आधी उतरवली तर गूळ चिकट, नंतर उतरवली तर करपट. मग करोना आला आणि जाताना ह्या माणसाचं नाक घेऊन गेला. अत्तरही कळेना आणि गटारही कळेना. दोन कढया त्याच्या हातून करपल्या, तेव्हा त्यानं गुऱ्हाळाची वाटच सोडली. ओसरीवर बसायचं आणि पुढ्यात येईल ते मुकाट गिळायचं. रस्सा बिघडला म्हणून तरी भांडावं माणसानं, असं त्याच्या बायकोला, विमलबाईला वाटे.

पुण्यातल्या हॉटेलात स्वयंपाक करणारी लेक प्रज्ञा सुट्टीला आली ती कोवळ्या बोकडाच्या मांडीचे दोन जाडजूड तुकडे घेऊनच. "आज अण्णांना मिऱ्याचं मटण. हॉटेलात याला स्टेक म्हणतात."

"वाटण कुठंय?"

"वाटण नाही, आई."

"मग कुकर तरी लाव."

"कुकरपण नाही. तू नुसती बघ."

विमलबाईनं कपाळाला हात लावला, पण बघत राहिली. प्रज्ञानं मिरे खलबत्त्यात भरड कुटले, मीठ घालून मटणावर दाबून दाबून थापले आणि लोखंडी तव्यातून धूर निघाल्यावरच तुकडे टाकले. असा ठसका उठला की विमलबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ओसरीवरच्या रंगनाथानं मात्र मानसुद्धा वळवली नाही.

दोन्ही बाजू तांबूस-काळ्या झाल्यावर प्रज्ञानं मटण ताटलीत झाकून ठेवलं आणि फ्रिजमधली साय आणायला गेली. विमलबाईचं लक्ष तव्याकडे गेलं. तळाला काळं धरलं होतं. भांडं लागलं की गरम असतानाच पाणी ओतायचं, हा तिच्या हाताचा जन्माचा शिरस्ता. तिनं पेलाभर पाणी ओतलं, उलथन्यानं खरवडलं आणि तवा मोरीत कलता केला.

"आई, थांब." प्रज्ञा दारातच उभी राहिली. "सगळी चव त्यातच हाय गं."

"करपलेलं हुतं ते," विमलबाई म्हणाली. नवऱ्याच्या घासावर आपणच पाणी फिरवलं होतं. तव्यात जेमतेम निम्मं राहिलं होतं.

प्रज्ञानं तवा हातातून घेतला. "पाणी मीपण घालणारच हुते. फक्त मोरीपर्यंत न्यायचं नव्हतं."

ती हसली, तेव्हा विमलबाईच्या जिवात जीव आला. सकाळचं दूध तापायचं राहिलं होतं, ते तिनं दुसऱ्या शेगडीवर ठेवलं आणि पुन्हा तव्यावर वाकली. ते गढूळ पाणी आटलं, त्यात साय विरघळली आणि बघता बघता दाट, बदामी, चकचकीत रस झाला. विमलबाई थक्क झाली. आजवर हे सगळं ती घासून मोरीत सोडत आली होती.

ताट घेऊन दोघी ओसरीवर रंगनाथासमोर बसल्या. त्यानं घास घेतला, सावकाश चावला.

"तिखट हाय," तो म्हणाला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तिखट त्याला कळायचंच, ते जिभेला झोंबतं. ते कळायला नाक लागत नाही. रंगनाथ भाकरीनं रस पुसून खात राहिला. मिऱ्यानं त्याचं नाक वाहायला लागलं, ते त्यानं बाहीला पुसलं.

पुढचा घास उचलला आणि त्याचा हात मध्येच थांबला. मान वर झाली. गुऱ्हाळात व्हायची तशीच.

"विमल, दूध लागतंय बघ."

विमलबाईनं श्वास ओढून पाहिला. तिला काहीच कळेना. प्रज्ञा उठून आत पळणार, तेवढ्यात विमलबाईनं तिचा हात धरून खाली बसवलं.

"लागू दे," ती म्हणाली.

रंगनाथ डोळे मिटून वास घेत होता. करपलेल्या दुधाचा वास आपल्यापर्यंत येईस्तोवर विमलबाई त्याच्याकडे बघत बसून राहिली.