अंदाज बरोबर आला

"कोणी हलू नका," आमचे हे म्हणाले आणि त्यांनी ओलं फडकं सिलिंडरवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. मग गुडघ्यांवर बसून टक लावून बघत राहिले. आत गॅस असतो तिथपर्यंत पत्रा गार असतो, म्हणून तिथली ओल उशिरा वाळते, हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. इतकं टक लावून त्यांनी तेव्हा माझ्याकडेही पाहिलं नव्हतं.

"बघितलंस? अर्ध्याच्या खाली गेलाय. काल दूध दोनदा तापवलंस."

"आईंना कोमट लागतं."

"मग एकदाच तापवून थर्मासमध्ये ठेव. डोकं वापरायचं जरा."

डोकं वापरणारा हा माणूस पाइपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथे त्याला कोणी हिंग लावून विचारत नाही, म्हणून घरी येऊन तो विजेवर आणि गॅसवर राज्य करतो. पातेल्यावर झाकण ठेवायला विसरले की माझ्या खांद्यावरून हात येतो. बाथरूममधला दिवा त्याने बाहेरून बंद केलेला आहे, माझ्या डोळ्यांत साबण असताना. महिन्याच्या सुरुवातीला बिल किती येणार याचा अंदाज तो जेवताना जाहीर करतो. अंदाज बरोबर आला तर हुशारी त्याची, चुकला तर उधळेपणा आमचा.

सासूबाईंची फुफ्फुसं थकली तेव्हा डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. मशीन सतत चालू राहिलं पाहिजे, नळी नाकातून काढायची नाही, असं बजावून सांगितलं. मशीन आलं. छोट्या कपाटाएवढं, चाकांवरचं, घरघरणारं. आई, बरं वाटतंय का, हे विचारायच्या आधी हे मशीनच्या मागे वाकले, पट्टीवरचे वॅट वाचले आणि पलंगाशीच उभे राहून त्यांनी गुणाकार केला.

"हे एकटंच बाकी सगळ्या घराइतकं खाणार!"

आई उशीला टेकून ऐकत होत्या. "लहानपणापासून गणितात हुशार," त्या मला म्हणाल्या, तेही कौतुकाने. मी कपाळाला हात लावला.

पुढचं बिल आलं आणि घरात सुतक पडलं. हे मान खाली घालून जेवायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. आईंच्या खोलीत जायचे ते पंख्याचा आकडा बघायला. मग एके दिवशी त्यांनी नियोजन काढलं. इस्त्री बंद, गिझर बंद, फ्रिज कमीत कमीवर. बिल कुठवर उतरेल तेही ठणकावून सांगितलं. मी मनात म्हटलं, कर बाबा काय करायचं ते.

आणि बिल खरोखरच उतरलं. त्यांनी सांगितलं होतं जवळजवळ तिथवर.

मग काय विचारता! जिन्यात शेजारचे टेलर भेटले तर त्यांनाही धरून ठेवलं.

"घरात मशीन असूनसुद्धा?" टेलरनी विचारलं.

"नियोजन, साहेब! अंदाज असावा लागतो माणसाला."

त्या संध्याकाळी हे आईंच्या पायथ्याशी बसले. त्यांनी विनोद केला, स्वतःच हसले, आईही हसल्या. हसता हसता त्यांना केवढा दम लागला, ते फक्त मला दिसलं.

मी लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसते. परवा तिथला बॉयलर बिघडला आणि मालकांनी आम्हाला दुपारीच सोडलं. कुलूप उघडून आत आले तर घर गप्प. आधी वाटलं, वीज गेली. पण भिंतीपलीकडे टेलरचं शिलाई मशीन चाललेलं ऐकू येत होतं.

आई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. नळी नाकात व्यवस्थित. ओठ निळसर झालेले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि मशीनचं बटण बंद. पंखाही बंद. मी धावत जाऊन दोन्ही लावलं.

"अहो आई, हे काय? कोणी बंद केलं?"

बराच वेळ त्यांना बोलताच येईना. मग म्हणाल्या, "मीच करते गं. तुम्ही दोघं बाहेर पडलात की. बसून राहिलं तर निभतं."

"निभतं? आरशात बघा जरा! आणि मग नळी कशाला लावून बसलात?"

"कोणी अचानक आलं तर." त्या चोरी पकडल्यासारख्या हसल्या. "त्याला सांगू नकोस. किती दिवसांनी माझ्याजवळ येऊन बसला तो."

मी सांगितलं. हे संध्याकाळी आले, चपला काढायच्या आत सांगितलं, आईंच्या खोलीच्या दारात उभं करून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हा माणूस आईच्या कुशीत डोकं घालेल. निदान तिचा हात तरी हातात घेईल.

"रोज किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही गेल्यापासून येईपर्यंत," आई म्हणाल्या.

हे छताकडे बघू लागले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. ते ओठ मी ओळखते. सिलिंडरसमोर बसलेले असतात तेव्हाही ते असेच हलतात.

"म्हणजे माझा अंदाज चुकलाच होता," ते म्हणाले.

मला शिसारी आली. इतकी वर्षं मी या माणसाला नुसता चिकट समजत होते, म्हणजे मी त्याला फारच वरचं स्थान दिलं होतं. पण आईंनी हात लांब करून त्यांची बाही धरली.

"नाही रे. तुझं बरोबरच होतं. मीच मध्ये घोळ घातला."

मी ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढली आणि मशीनच्या बटणावर आडवी-उभी चिकटवून टाकली. हे बघत उभे राहिले. पट्टीबद्दलही काहीतरी बोलायचं त्यांच्या तोंडावर आलेलं दिसलं, पण माझ्याकडे बघून त्यांनी ते गिळलं आणि ते हात धुवायला निघून गेले.

मशीन घरघरत होतं. आईंच्या ओठांवर हळूहळू रंग येत होता. त्यांनी नळी सरळ केली, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि मला जवळ बोलावलं.

"अगं, हे चालूच राहणार आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तर तो पंखा तरी बंद कर."

मी उठले आणि पंख्याचा आकडा आणखी एकाने वाढवला.