चार उपदाढा

त्या दुपारी जेवण उरकून बाप-लेक दवाखान्याच्या मागच्या खोलीत नेहमीसारखे दातांवरून भांडत बसले होते. टेबलावर एका बारा वर्षांच्या मुलीच्या दातांचा प्लास्टरचा साचा होता. दात जागा नसल्यासारखे एकमेकांच्या अंगावर चढलेले.

बाप साधा दंतवैद्य, येईल तो दात बघणारा. लेक आणखी शिकून दात सरळ करण्यातली तज्ज्ञ झालेली.

"सुळ्यांमागच्या चार उपदाढा काढायच्या, मग तारा," एक्स-रेवर पट्टी ठेवत ती म्हणाली.

"चांगले धडधाकट दात?" त्याने डोळे मिटून साच्यावरून अंगठा फिरवला. ही त्याची जुनी खोड. "जबडा रुंद करणारी प्लेट देऊन बघू की."

"बाबा, तुम्हाला प्रत्येक तोंडात प्लेटच दिसते."

"मला तेवढीच येते, म्हणून तेवढीच दिसते. तुझ्या कॉलेजातल्या सरांना काय येत होतं, डॉक्टरीणबाई?"

ती नुसती हसली. "उद्या ठरवू," म्हणून त्याने साचा खिडकीत ठेवला.

पहाटे तो झोपेतच गेला.

तिने दवाखाना पुन्हा उघडला तेव्हा साचा खिडकीतच होता, वर धुळीचा थर. मुलीच्या आईचा फोन आला, काय ठरलं? पूर्वी तिने पटकन सांगितलं असतं. आता बापाचा तो सरांबद्दलचा प्रश्न काही केल्या मनातून जाईना.

तिने साच्याचे आणि एक्स-रेचे फोटो दोघांना पाठवले. बरोबर शिकलेली मैत्रीण म्हणाली, "काढ, विचार कसला करतेस?" दुसऱ्या कॉलेजातला मित्र म्हणाला, "छे, जबडा रुंद कर." दोघांनाही पक्की खात्री. का, असं विचारल्यावर दोघंही जरा अडखळले, आणि दोघांनीही आपापल्या सरांचं नाव घेतलं.

तिला आधी गंमत वाटली. मग तिने स्वतःलाच विचारलं, आपण तरी कुणाचं नाव घेतलं असतं?

मायलेकी आल्या. तिने या खेपेला एक्स-रे बाजूला ठेवून मुलीला आधी बोलतं केलं, हसवलं. ओठ सहज मिटत होते, म्हणजे दात पुढे आलेले नव्हते; काढायची घाई नव्हती.

"मला पूर्ण खात्री नाही," ती आईला म्हणाली. "आधी प्लेट लावून बघू. नाहीच जमलं तर दात नंतरही काढता येतील. काढलेला मात्र परत लावता येत नाही."

"पण तुम्ही तर तज्ज्ञ ना?"

"म्हणूनच सांगतेय."

त्या गेल्यावर ती मागच्या खोलीत आली. प्लेटा ती आजवर बाहेरून करून घ्यायची. प्लेटची तार स्वतः वाकवली होती ती परीक्षेपुरती. बाप मात्र प्रत्येक प्लेट इथेच, या टेबलाशी बसून करायचा. तिने त्याची पक्कड उचलली आणि तार धरली. पहिला बाक चुकला. दुसराही.

तिने डोळे मिटले आणि साच्यावरून अंगठा फिरवला.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मला हे येत नाही. दाखवा ना."