नेमका त्याच वेळी

सकाळी साडेनऊ वाजता संपादकबाईंनी मला खोडले. लाल पेन्सिलीची एक आडवी रेघ, एवढेच. दुखले वगैरे काही नाही.

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. ‘नेमका’. गरजेप्रमाणे मी नेमकी होतो, नेमके होतो. नेम धरणाऱ्यांच्या घराण्यातला असल्यामुळे लहानपणापासून मला एकच शिकवण मिळाली : इकडे नाही, तिकडे नाही, जिथे लागायचे तिथेच लागायचे.

कामाला लागलो तो गोष्टींमध्ये. नायिका दार उघडते आणि नेमका तोच समोर उभा असतो. पळणाऱ्याची चप्पल नेमकी तेव्हाच तुटते. लेखकाची गोष्ट अडली की तो मला हाक मारी आणि मी योगायोग खांद्यावर घेऊन हजर होई. रहस्यकथांमध्ये तर मला जेवायला फुरसत नव्हती. कादंबऱ्यांतली नवराबायको भांडायला लागली की मी दोघांच्याही तोंडी असे : “तुला नेमकं म्हणायचंय काय?” समीक्षकांनी ‘नेमकी भाषा’ म्हणून माझे कौतुक केले. पुढे मी इतका वापरला गेलो की वाचणाऱ्याची नजर माझ्यावरून घसरून जाऊ लागली. मलाही त्याचे काही वाटेनासे झाले.

आताचे पुस्तक आठवणींचे आहे. लेखकाचे वडील गेल्या वर्षी वारले, त्यांच्यावरचे. आज लेखकाच्या जेवणाच्या टेबलावर पुस्तकाची शेवटची तपासणी झाली.

“अहो, पानोपानी नेमकं, नेमकं,” संपादकबाई म्हणाल्या. “सगळे उडवलेत मी.”

“उडवा. शेवटच्या पानावरचा तेवढा राहू दे.”

“मग रेघेखाली टिंबं द्या, म्हणजे खोडलेला शब्द ठेवायचाय हे छापखान्यात कळेल. त्यांचा माणूस येईल दुपारी.” त्या गेल्या.

शेवटच्या पानावरचा म्हणजे मी. वाक्य असे आहे : ‘बाबांनी डोळे मिटले, तेव्हा मी नेमका बाहेर गेलो होतो. ताई उशाशी होती.’

लेखकाने ते पान ताईच्या हातात दिले. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. वडिलांच्या आजारपणात सगळे तिनेच केले. तिने चष्मा लावून पान वाचले.

“नेमका?” ती म्हणाली.

“का गं, काय झालं?”

“नेमका कुठला? दवाखान्यातले सगळे दिवस तू बाहेरच्या बाकावर होतास. हाका मारल्या तरी आत आला नाहीस.”

“ताई, लिहिताना येतो असा एखादा शब्द.”

“लहानपणीही भांडी घासायची वेळ आली की तू नेमका बाहेर असायचास. तेव्हा मी हसायचे तरी.”

लेखकाने माझ्यावर अंगठा ठेवला आणि मला वगळून वाक्य वाचले. मग अंगठा काढला.

“लोक विचारतील, मुलगा आत का नव्हता.”

“बाबांनीही तेच विचारलं. आला का तो, म्हणाले. मी म्हटलं, येतोय.” ताईने चष्मा काढून पदराने पुसला. “पुढच्याच ओळीत मी आहे. हा शब्द ठेवणार असशील तर मला काढ. मला खोट्याची साक्षीदार नको करूस.”

ती आवाज न चढवता बोलली आणि आत भाजी चिरायला गेली.

मित्रांनो, मला या प्रकरणात मत नाही. ज्या वाक्यात बसवतील तिथे मी बसतो. त्या वाक्याच्या आड कोण उभे आहे, हे मला दिसत नाही. तुम्ही मला गोष्टीत खुशाल घ्या, चपला तुटू द्या, दारे उघडू द्या. पण स्वतःबद्दल लिहिताना मला हाक मारण्याआधी एकदा आठवून पाहा, ते खरोखर तेव्हाच घडले होते का. माझी काळजी म्हणाल तर एवढीच घ्या.

छापखान्याचा माणूस आला आहे. ताईने त्याला पाणी दिले आहे. शेवटचे पान सोडून बाकीचा गठ्ठा त्याने पिशवीत भरला आहे.

“नेऊ का, साहेब?” असे त्याने पुन्हा एकदा विचारले.

लेखकाने पेन्सिल उचलली आहे. ती अजून कागदाला टेकलेली नाही.