सीटखालचे रबर

पल्लावरमच्या दगडखाणीत त्या डंपरला सगळे 'किळवी' म्हणत. तमिळमध्ये किळवी म्हणजे म्हातारी. एका धरणाचे काम संपल्यावर तो मद्रासला आला, तेव्हाच जुना होता. १९६३ साली खाणीत नवे डंपर दाखल झाले, तरी किळवी खाणीच्या तळापासून क्रशरपर्यंत दगड ओढतच होती. तिचे ड्रायव्हर होते तुळजाजी गाडे.

तुळजाजींना ऐकू येत नव्हते. डिझेल इंजिनाशेजारी काढलेली वर्षे आणि सुरुंगांचे आवाज यांत दोन्ही कान गेले होते. खाणीत हे सगळ्यांना ठाऊक होते, ऑफिसात कोणालाच नाही. इंजिनाला किती जोर पडतो आहे हे त्यांना सीटमधून आणि पायाखालच्या पत्र्यातून कळे, आणि त्यावरच ते गियर बदलत. हौदा भरला की शॉवेल मशीन चालवणारा वेंकटरमण इतर ड्रायव्हरांना भोंगा देई; किळवीच्या हौद्यावर मात्र तो बकेट आपटे. सासऱ्याला झोपेतून उठवतोय, असे तो म्हणे. सुरुंगाच्या वेळी कोणीतरी लाल निशाण घेऊन मुद्दाम त्यांच्या समोर येऊन उभे राही.

वर्कशॉपचा फिटर भीमसेन राव त्यांच्यासारखाच तंजावरकडचा. दोघे दुपारचा डबा एकत्र खात आणि मराठीत बोलत. भीमसेनच्या ओठांवरून तुळजाजींना सगळे समजे. तमिळ बोलणाऱ्यांचे ओठ त्यांना तेवढे वाचता येत नसत.

नवरात्राच्या थोडे आधी राजगोपाल नावाचे नवे इंजिनियर खाणीवर आले. प्रत्येक गाडीतून ते स्वतः एक फेरी मारत. किळवीतून उतरले ते कमर धरूनच. गाडी धावते ठीक, पण इतक्या हादऱ्यात माणसाला दिवसभर बसवणे बरोबर नाही, असे ते म्हणाले. हादरे कमी करा, विजयादशमीला पुन्हा बघतो. नाहीतर गाडी भंगारात.

भंगारात म्हणजे काय, ते भीमसेनला लगेच कळले. नव्या डंपरवर बसायचे तर डॉक्टरी तपासणी होती आणि तिच्यात कान तपासत. तुळजाजी त्यात नापास होणार हे उघड होते. मग उरले फाटकावरचे काम. तुळजाजी त्यावर हसले होते.

"फाटक उघडा म्हणून लोक ओरडतील, भीमराव, आणि मी आपला आभाळ बघत बसेन."

पण त्या दिवशी त्यांनी डबा अर्धाच खाल्ला.

भीमसेनने मनावर घेतले. क्रशरवरचा टाकून दिलेला रबरी पट्टा आणून त्याने त्याचे जाड तुकडे कापले. इंजिनाच्या पायांखाली, केबिनखाली, सीटखाली, जिथे लोखंडावर लोखंड बसत होते तिथे तिथे रबर घातले. हे काम नवमीच्या आदल्या दिवशी संपले. त्याने गाडी स्वतः क्रशरपर्यंत नेऊन आणली. होडीत बसल्यासारखे वाटले, असे तो सगळ्यांना सांगत होता. तुळजाजी त्या दिवशी रजेवर होते. खंडेनवमीच्या पूजेसाठी घरात पणज्याची तलवार घासायची असे, आणि ते काम ते कोणाला देत नसत.

नवमीला खाण बंद होती. गाड्या धुऊन, गंध-कुंकू लावून उभ्या केल्या होत्या. तुळजाजी पूजेला आले आणि किळवी एकदा सुरू करून बघू का म्हणाले. भीमसेननेच अडवले. पूजेला लावलेले यंत्र दशमीपर्यंत चालवत नाहीत, आणि तुम्ही तर तिला झोपेतसुद्धा चालवाल, असे तो म्हणाला.

दशमीच्या सकाळी चाकांखाली लिंबे ठेवली, कोहळा फोडला. राजगोपाल येऊन उभे राहिले. तुळजाजींनी सीटवर बसून स्टार्टर दाबला. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. पण तुळजाजी तसेच थांबून राहिले, आणि त्यांनी चालू इंजिनावर पुन्हा स्टार्टर दाबला. दातांवर दात घासल्याचा तो आवाज सगळ्या खाणीला ऐकू गेला. किळवीच्या मीटरचे काटे कधीच बंद पडले होते; ते बघून काही कळण्यासारखे नव्हते. त्यांनी गियर टाकला, तो खरडला. क्लच सोडला, गाडी लिंबांवर चढली आणि बंद पडली. ती बंद पडली हेही त्यांना कळले नाही. ते पायाने पेडल दाबत राहिले.

भीमसेन जागच्या जागी उभा होता. आपण काय केले ते त्याला कळले होते.

राजगोपाल पायरीवर चढले आणि त्यांनी पाठीमागून तुळजाजींना उतरायला सांगितले. मग जरा मोठ्याने. तुळजाजींनी मान वळवली नाही.

भीमसेन पुढे झाला. चूक माझी आहे, त्यांचे ऐकणे सीटमधून होते, तेच मी बंद केले, असे त्याने सांगितले. रबर काढून टाकतो, मग बघा. वेंकटरमणही आला. इतक्या वर्षांत किळवीमुळे कोणाला खरचटलेही नाही, असे तो म्हणाला.

"कारण त्यांच्या वाट्याचे तुम्ही सगळे ऐकत होतात," राजगोपाल म्हणाले. "ज्या दिवशी तुमच्यातला एक जण चुकेल, त्या दिवशी?"

राजगोपालना ते बोलून बरे वाटले होते असेही नाही. दुसरे काही काम शोधू, फाटकावर पाठवणार नाही, असे त्यांनी हळू आवाजात सांगितले. पण गाडी नाही.

एव्हाना तुळजाजी खाली उतरले होते. त्यांनी भीमसेनकडे पाहिले. बाकी कोणाला न कळणाऱ्या भाषेत भीमसेन काहीही सांगू शकला असता.

"किळवी पास झाली," तो म्हणाला. "तुम्ही नाही झालात."

तुळजाजींनी मान हलवली. किल्ली त्यांनी भीमसेनच्या हातात दिली.

"मी आजच रबर काढतो," भीमसेन म्हणाला. "सगळे. होती तशी करतो."

"कशाला? पुढं जो बसेल त्यालाही कमर आहेच की." तुळजाजी म्हणाले. "चांगलं काम केलंत हो. इतकं चांगलं, की मला वाटलं मेली."

संध्याकाळी दोघे स्टेशनकडे निघाले. रस्त्याला लॉऱ्यांची रहदारी होती. भीमसेन तुळजाजींच्या उजव्या बाजूला, लॉऱ्यांच्या अंगाला आला. तुळजाजींनी त्याच्या दंडाला धरून त्याला परत आतल्या बाजूला केले.

"डोळे आहेत अजून," ते म्हणाले, आणि पुढे चालू लागले.